राळ्याचा भात आणि सोलापूरचा डॉक्टर

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव सोलापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. भय्या चौकातलं त्यांचं घर आता स्मारक आहे. १९४६ साली व्ही. शांतारामांनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला, स्वतः डॉक्टरांची भूमिका केली, जयश्रीबाई त्यांच्या चिनी पत्नी झाल्या. आमच्या आधीच्या पिढीनं तो थिएटरात पाहिला, आम्ही दूरदर्शनवर. त्यामुळे या गोष्टीची दोन टोकं सगळ्यांना पाठ आहेत. डॉक्टर मुंबईहून बोटीत बसले, आणि डॉक्टर चीनमध्ये वारले. मधे सव्वाचार वर्षं होती. दिवस मोजले तर साडेपंधराशेहून थोडे जास्तच. त्या दिवसांत हा माणूस काय खात होता, कुठे झोपत होता, कुठल्या भाषेत बोलत होता, हे कुणी फारसं विचारत नाही. मला आज त्याच मधल्या दिवसांबद्दल बोलायचं आहे. परक्या मुलखात मदतीला गेलेला माणूस तिथला होतो म्हणजे नेमकं काय होतं, हा माझा प्रश्न आहे.

मी कुंभारीत राहतो. सोलापूरहून अक्कलकोट रस्त्यानं निघालं की शहर मागे पडतं आणि कुंभारी लागते. एकेकाळचं साधं खेडं. आता इथे वैद्यकीय महाविद्यालय आहे, मोठं रुग्णालय आहे आणि विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत आहे. दरवर्षी कुठून कुठून मुलं-मुली डॉक्टर व्हायला इथे येतात आणि पहिले काही महिने अगदी बावरलेली असतात. त्यांच्याकडे बघताना मला कोटणीसांची आठवण येते, ती पुतळ्यातल्या कोटणीसांची नव्हे. सत्ताविसाव्या वर्षी घर सोडलेल्या, उंच इमारतींच्या मुंबईत शिकलेल्या एका पोरसवदा डॉक्टरची.

आधी थोडा इतिहास. ७ जुलै १९३७ ला पेकिंगजवळच्या लुगोऊ पुलावर, ज्याला युरोपियन लोक मार्को पोलो पूल म्हणतात तिथे, जपानी आणि चिनी सैन्यात गोळीबार झाला आणि बघता बघता जपाननं उत्तर आणि पूर्व चीन घशात घातला. आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून डॉक्टरांची मदत मागितली. १९३८ साली सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी देशाला आवाहन केलं, वर्गणी गोळा झाली, २२ हजार रुपये जमले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. आणि एक गोष्ट विसरता कामा नये. हा देश तेव्हा स्वतःच गुलाम होता. पासपोर्ट इंग्रज सरकारनं द्यायचा. एका बंगाली डॉक्टरांना तो नाकारला गेला आणि ऐन वेळी त्यांच्या जागी दुसरे घ्यावे लागले.

पाच जण निघाले. अलाहाबादचे डॉ. अटल पथकाचे प्रमुख. ते नुकतेच स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची सेवा करून आले होते. नागपूरचे डॉ. चोळकर, वयानं सगळ्यांत मोठे. कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी. आणि सोलापूरचे कोटणीस. १० ऑक्टोबर १९१० चा जन्म, मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून १९३६ साली बाहेर पडलेले, पुढच्या परीक्षेच्या तयारीत असलेले. पाचांत दोघं मराठी होते, ही गोष्ट आपण चोळकरांच्या बाबतीत साफ विसरून गेलो आहोत. १ सप्टेंबर १९३८ ला ‘राजपुताना’ बोटीनं मुंबईचा धक्का सोडला. कराराची भाषा सरळ होती. एक वर्ष काम करायचं आणि परत यायचं.

सप्टेंबरच्या मध्यावर कँटन. तिथे सन यत-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग स्वागताला होत्या. हार, भाषणं, मेजवान्या. मग हँकाऊ. ते शहर जपान्यांच्या हाती पडायच्या आत बाहेर पडून यांगत्से नदीनं वर इचांग, चुंगकिंग. माझ्या समजुतीप्रमाणे परदेशी मदत करायला गेलेल्या माणसाची पहिली परीक्षा याच काळात होते. जो तो पाहुणा म्हणून वागवतो. घरात एक अंडं असलं तर ते पाहुण्याच्या ताटात पडतं. चुंगकिंगमध्ये काम थोडं आणि वाट बघणं फार, अशी पथकाची अवस्था झाली होती. युद्ध उत्तरेला होतं आणि हे दक्षिणेत अडकलेले.

चुंगकिंगलाच त्यांना चिनी नावं मिळाली. शांतिनिकेतनात चीन भवन उभं करणारे प्राध्यापक तान युन-शान यांनी ती दिली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर ठेवलं. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले ‘के दिहुआ’. पुढे चीनमध्ये ते याच नावानं ओळखले गेले. आजही तिकडे ‘कोटणीस’ म्हणून विचारलं तर माणूस चटकन ओळखणार नाही, ‘के दिहुआ’ म्हटलं की ओळखतो.

आणि तिथेच आणखी एक गोष्ट घडली. घरून बातमी आली, वडील गेले. मोठ्या कुटुंबातला कमावता होऊ घातलेला मुलगा. सहकाऱ्यांनी परत जायचा सल्ला दिला. कोणीही नावं ठेवली नसती. कोटणीस परतले नाहीत. हा निर्णय चित्रपटात फार सोपा वाटतो, मागे संगीत असतं. प्रत्यक्षात सोलापुरात आई होती, भावंडं होती आणि त्यांच्या वाट्याला काय आलं असेल याचा हिशेब देशसेवेच्या कुठल्याही वहीत मांडलेला नसतो. मला स्वतःला हा निर्णय बरोबर होता असं म्हणायची घाई होत नाही. तो त्यांनी घेतला आणि त्याचं ओझं त्यांच्याबरोबर घरच्यांनीही वाहिलं, इतकंच मी म्हणेन.

१२ फेब्रुवारी १९३९ ला पथक येनानला पोचलं. तीन महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, जपानी विमानांनी ते गाव बाँबफेकीनं उद्ध्वस्त केलं होतं. त्यामुळे सगळं गाव, पक्षाची कचेरी, शाळा आणि रुग्णालयसुद्धा, डोंगराच्या पोटात शिरलं होतं. तिकडची माती पिवळी, मऊ आणि दाट असते. ती सरळ कापली तर भिंत उभी राहते, ढासळत नाही. त्यात कमानीसारख्या गुहा खोदतात, तोंडाला लाकडी चौकट आणि तिला कागद लावतात. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. अंथरुणाची सोय म्हणजे विटांचा ओटा. त्याला ‘कांग’ म्हणतात. चुलीचा धूर आणि शेक त्याच्या पोटातून खेळवलेला असतो आणि सगळं घर त्या एका ओट्यावर रांगेनं झोपतं. आमच्या सोलापूरच्या माणसाला ऊन नवं नाही, मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो. पण जिथे नदी गोठते आणि घागरीतल्या पाण्याचा दगड होतो, अशी थंडी त्याच्या सात पिढ्यांनी पाहिलेली नसते.

आता जेवणाचं. येनानमध्ये सैनिकापासून सेनापतीपर्यंत सगळ्यांचं मुख्य अन्न होतं ‘श्याओमी’. इंग्रजी पुस्तकांत तिला मिलेट म्हणतात आणि मराठीत भाषांतर करणारे खुशाल ‘भरड धान्य’ लिहून मोकळे होतात. हे धान्य म्हणजे आपले राळे. सोलापूर जिल्ह्यात संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, बाजरीची भाकरी, लेकुरवाळी भाजी आणि राळ्याचा भात करतात, तेच राळे. आपल्याकडे वर्षातून एकदा ताटात पडतात, तिकडे दोन्ही वेळ तेच, कधी भातासारखे, बहुतेक वेळा पातळ पेज करून. आणि उत्तर चीनमधलं दुसरं धान्य म्हणजे ‘गाओल्यांग’. ही तर ज्वारी! पुरुषभर उंच वाढणारी. गनिमी लढाईत चिनी सैनिक या ज्वारीच्या रानात लपायचे. म्हणून पिकं उभी असली की लढाईचा रंग वेगळा आणि कापणी झाली की वेगळा, अशी स्थिती असे.

मालदांडी ज्वारीच्या मुलखातला माणूस हजारो मैल ओलांडून पुन्हा ज्वारीच्या मुलखात गेला, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. अर्थात तिकडे भाकरी थापत नाहीत म्हणा. पण कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात पाऊस हा एकच विषय कसा असतो, पोटात दुखतंय म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला खरं तर काय सांगायचं असतं, हे समजायला कोरडवाहू मुलखातला जन्म उपयोगी पडतो. निदान माझी तरी तशी समजूत आहे.

वर्ष संपत आलं. ऑगस्ट १९३९ मध्ये नेहरू चुंगकिंगला आले होते. ते येनानलाही जाणार होते, पण युरोपात महायुद्ध पेटलं आणि त्यांना घाईनं परतावं लागलं. मुखर्जी आजारपणामुळे परतले, चोळकरही परतले. अटल, बसू आणि कोटणीस उत्तरेच्या आघाडीकडे निघाले. काही काळानं प्रकृती साथ देईना म्हणून अटलही परतले. बसू पुढे येनानच्या रुग्णालयात राहिले आणि १९४३ मध्ये भारतात आले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी कोटणीसांवर जे इंग्रजी पुस्तक लिहिलं त्याच्या नावाचा अर्थ ‘आणि एक जण परतला नाही’ असा होतो. नाव उत्तम आहे, पण त्यामुळे परतलेले चौघं उगीच कमी ठरतात. बसूंनी तर पाच वर्षं काढली आणि नंतर चीनमधून ॲक्युपंक्चर शिकून ते भारतात रुजवलं. मदतीला गेलेल्या माणसानं वेळेवर घरी येणं हा काही गुन्हा नव्हे.

१९४० च्या उन्हाळ्यात कोटणीस ज्या भागात पोचले तो शांसी, चाहार आणि होपेई या प्रांतांच्या सीमेवरचा डोंगराळ टापू. चारी बाजूंनी जपानी ठाणी. तिथे त्यांच्या आधी एक परदेशी डॉक्टर काम करून गेला होता, कॅनडाचे नॉर्मन बेथून. शस्त्रक्रिया करताना बोटाला जखम झाली, विष भिनलं आणि १२ नोव्हेंबर १९३९ ला ते वारले. बेथून यांनी खेचराच्या पाठीवर मावेल असं शस्त्रक्रियागृह तयार केलं होतं. दोन्ही बाजूंना लाकडी खण, त्यांत हत्यारं, औषधं, बँडेजं आणि वर फळी टाकली की टेबल. पुलासारखा आकार म्हणून त्याला नाव दिलं होतं लुगोऊ पूल. कोटणीसांना हा वारसा मिळाला. जपान्यांनी नाकेबंदी केलेली, भुलीचं औषध पुरायचं नाही, बँडेजं धुऊन पुन्हा वापरायची. १९४० च्या ऑगस्टपासून आठव्या मार्ग सेनेनं रेल्वेमार्गांवर शेकडो तुकड्यांनिशी हल्ले चढवले. जखमींची रीघ लागली. त्या काळात कोटणीसांनी सलग तीन दिवस-रात्र झोप न घेता शस्त्रक्रिया केल्या, अशी आठवण त्यांचे सहकारी सांगत.

जानेवारी १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते पहिले संचालक झाले. नाव ऐकून डोळ्यांपुढे इमारत उभी राहते. इमारत कुठली आलीय! होपेई प्रांतातल्या तांग तालुक्यात गगुंग नावाचं खेडं आहे, आपलं कुंभारी असावं तसं. तिथे आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांत शेतकऱ्यांची घरं हेच वॉर्ड होते. एका घरात दोन जखमी, दुसऱ्यात तीन. घरधनीण स्वतःच्या कांगवर सैनिकाला झोपवायची आणि आपण पोरं घेऊन खाली निजायची. शत्रू आला की रुग्ण, हत्यारं, पुस्तकं सगळं पाठीवर टाकून डोंगरात. जपान्यांचं धोरणच होतं, सगळं जाळा, सगळ्यांना मारा, सगळं लुटा. अशा ठिकाणी डॉक्टर गावापासून वेगळा राहूच शकत नाही. राउंड घ्यायचा म्हणजे घरोघर जायचं, आणि घरोघर जायचं म्हणजे सून-सासूचं भांडण, शेळीचं आजारपण, मुलाचा गोवर, हे सगळं ऐकूनच पुढच्या घरी जायचं. आपण इथे कशाला आलो आहोत हे गावाला पटवून देण्यासाठी भाषण लागत नाही. गावकरी बघत असतात.

या ठिकाणी मला दुसऱ्या एका व्यक्तीचं नाव घ्यावंसं वाटतं, कारण कुंभारीची ती मोठी वसाहत तिच्या नावानं आहे. गोदूताई परुळेकर. पुण्याच्या सुखवस्तू गोखले घराण्यात १९०७ साली जन्मलेली मुलगी, वकिलीचं शिक्षण घेतलेली. शामराव परुळेकरांबरोबर त्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्याकडच्या डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांतल्या वारली पाड्यांवर गेल्या. १९४५ मध्ये वेठबिगारीविरुद्ध वारली उभे राहिले त्यामागे पाड्यांवर घालवलेले असंख्य दिवस होते. वारल्यांच्या झोपडीत राहायचं, ते खातात ते खायचं, त्यांची बोली बोलायची. पुण्यातल्या माणसाला डहाणूचं जंगल म्हणजे परदेशच होता त्या काळी. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे त्यांचं पुस्तक १९७० साली आलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कोटणीस आणि गोदूताई यांची कधी गाठ पडली असेल असं नाही. पण एक गगुंगच्या कांगवर आणि दुसरी वारल्याच्या झोपडीत, जवळपास त्याच काळात एकच विद्या शिकत होते. कुंभारीच्या वसाहतीत १ सप्टेंबर २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरं देण्यात आली. तारीख बघा. बरोबर ६८ वर्षांपूर्वी त्याच दिवशी ‘राजपुताना’नं मुंबई सोडली होती. हा निव्वळ योगायोग, पण सोलापूरकरानं नोंदवून ठेवावा असा.

भाषेकडे वळतो, कारण माझ्या मते खरा मुद्दा तोच आहे. चिनी भाषा आपल्या कानाला अवघड. ‘मा’ हा एकच उच्चार. सूर सपाट ठेवला तर आई, चढवला तर अंबाडीसारखी एक वनस्पती, खाली नेऊन वर आणला तर घोडा, एकदम पाडला तर शिवी देणं. लिपीत अक्षरं नाहीत, चित्रं आहेत आणि ती हजारोंनी आहेत. पथकाबरोबर दुभाषे असत. पण जखमेत हात घातल्यावर ‘दुखतंय का’ हे दुभाष्यामार्फत विचारण्यात काय अर्थ? चिनीत ते ‘थंग पू थंग’ असं विचारतात. दुखतंय की नाही दुखत, असा शब्दशः अर्थ.

कोटणीसांनी चिनी नुसती बोलण्यापुरती शिकली नाही. ते वाचू लागले, लिहू लागले, बेथून वैद्यकीय शाळेत चिनी भाषेत वर्ग घेऊ लागले. खेड्यातली शेतकऱ्यांची मुलं त्यांच्यापुढे बसत, शरीरशास्त्र म्हणजे काय याचा गंध नसलेली. त्यांना शिकवायला पुस्तक नव्हतं, म्हणून त्यांनी शस्त्रक्रियेवर चिनी भाषेत पुस्तक लिहिलं. ते संपल्यावर दुसरं लिहायला घेतलं. त्या भाषेशी चार वर्षांपूर्वी काडीचा संबंध नव्हता त्या माणसानं हे केलं. शस्त्रक्रिया अनेकांनी केल्या असतील. मला विचाराल तर के दिहुआ यांचा सगळ्यांत मोठा पराक्रम हे पाठ्यपुस्तक आहे.

सोलापूरच्या माणसाला भाषेची भीती कमी असते, असं मला वाटतं. इथे घरात एक, गल्लीत दुसरी आणि बाजारात तिसरी भाषा असते. कुंभारीच्या दवाखान्यात आलं की हे दिसतं. वसाहतीतली विडी वळणारी पद्मशाली बाई ‘नोप्पि’ म्हणते, अक्कलकोटकडची म्हातारी ‘नोवु’ म्हणते, आमचा शेतकरी ‘ठणकतंय’ म्हणतो. तेलुगू, कन्नड, मराठी. तिघांचीही पाठच दुखत असते, पण कारणं निराळी. दिवसभर सूप मांडीवर घेऊन वाकून विड्या वळणाऱ्या बाईचं दुखणं वेगळं आणि औत हाकणाऱ्याचं वेगळं. नव्यानं आलेल्या मुलांना पहिल्या महिन्यात हा फरक कळत नाही. ज्या मुलीनं वहीच्या शेवटच्या पानावर तिन्ही भाषांतले पंधरा-वीस शब्द लिहून ठेवलेले असतात, तिच्यापुढची रांग आपोआप मोठी होते. रुग्णांना डॉक्टरची पदवी दिसत नाही, तोंड दिसतं.

के दिहुआंना सैनिक ‘लाव के’ म्हणू लागले. लाव म्हणजे म्हातारा, जुना, आपल्यातला. तिशीतल्या माणसाला हे संबोधन मिळणं म्हणजे आपण एखाद्याला प्रेमानं ‘अण्णा’ म्हणावं तसं. चुंगकिंगच्या प्राध्यापकांनी कागदावर दिलेलं नाव आणि गावानं तोंडात घेतलेलं नाव, या दोन्हींमधे ती दोन-तीन वर्षं आहेत.

त्याच वैद्यकीय शाळेत को चिंगलान नावाच्या परिचारिका शिकवत होत्या. पेकिंगच्या नामांकित रुग्णालयात तयार झालेल्या, जपानी अंमलातून निसटून डोंगरात आलेल्या. २५ नोव्हेंबर १९४१ ला दोघांचं लग्न झालं. २३ ऑगस्ट १९४२ ला मुलगा झाला. सेनापती नी युंग-चन यांनी नाव सुचवलं, ‘इनहुआ’. इन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. त्याच वर्षी कोटणीस कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले.

पण शरीर थकत चाललं होतं. त्यांना अपस्माराचे झटके येत. स्वतः डॉक्टर, त्यामुळे याचा अर्थ काय हे कुणी सांगायला नको होतं. उपचारासाठी बाहेर पडावं असं वरिष्ठांनी सुचवलं होतं. नाकेबंदी तोडून जायचं म्हणजे पुन्हा परत येण्याची खात्री नाही. ते राहिले. ९ डिसेंबर १९४२ च्या पहाटे, झटक्यामागून झटके येत, गगुंगमध्ये त्यांचा अंत झाला. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा. शस्त्रक्रियेवरचं दुसरं पुस्तक अर्धंच राहिलं. माओंनी शोकसंदेश लिहिला, चू तेह यांनी लिहिला. गावकऱ्यांनी दफन केलं. पुढे त्यांचे अवशेष शिच्याच्वांग शहरातल्या हुतात्म्यांच्या दफनभूमीत नेण्यात आले. बेथूनही तिथेच आहेत.

नंतरची गोष्ट आपल्याकडे कमी सांगितली जाते. १९६२ चं युद्ध झालं आणि कोटणीसांचं नाव घेणं काही काळ अवघड होऊन बसलं. दोन्ही देशांची सरकारं गरज पडेल तेव्हा हे नाव बाहेर काढतात आणि गरज संपली की आत ठेवतात. चीननं १९८२ साली तिकीट काढलं, भारतानं १९९३ साली. चीनचे बडे नेते भारतभेटीवर आले की कोटणीसांच्या बहिणी-भावंडांना आवर्जून भेटत. २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात रक्त सांडलं त्याच वर्षी शिच्याच्वांगमध्ये के दिहुआंच्या नावानं चालणाऱ्या वैद्यकीय शाळेत त्यांचा ब्राँझचा पुतळा बसवण्याची तयारी चालू होती. त्या शाळेत नव्यानं येणारे विद्यार्थी त्यांच्या पुतळ्यापुढे उभे राहून त्यांच्यासारखं काम करण्याची शपथ घेतात. सरकारांची भांडणं सरकारांजवळ. पण सोलापुरातल्या किती वैद्यकीय विद्यार्थ्यांनी भय्या चौकातलं घर आतून पाहिलं आहे, हा प्रश्न मी कुंभारीत विचारतो तेव्हा दोन-चार हात वर होतात.

आणि इनहुआ? दोन देशांचं नाव धारण केलेला तो मुलगा बापासारखाच डॉक्टर होत होता. १९६७ साली शिक्षण संपत आलं असताना, पंचविशीच्या आतच तो गेला. को चिंगलान भारतात अनेकदा येऊन गेल्या, सासरच्या माणसांना भेटल्या, आठवणींचं पुस्तक लिहिलं. लग्नानंतरचा त्यांचा आणि डॉक्टरांचा संसार जेमतेम एक वर्ष आणि दोन आठवड्यांचा. त्यानंतर त्या सत्तर वर्षं जगल्या. २८ जून २०१२ ला डालियन शहरात त्यांचं निधन झालं.